सातवं मिनिट

१

शनिवारी सकाळी दहा वाजता शिट्टीबाईंनी पाकीट फोडलं, आतला कागद वाचला आणि समोर बसलेल्या पंचताईंकडे सरकवला.

"तुमचाच आहे ना? वाचा आणि खाली तारीख टाका."

पंचताई म्हणजे कालच्या सामन्याच्या दोन पंचांपैकी नव्या. त्यांनी वाचायला घेतलं. अर्ध्यावर थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी दारात उभा राहून पाहिला.

"बाई, सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण हा मी छापलेला कागद नाही."

मी या हॉलचा राखणदार. दिवे, फरशी, चेंडू, भिंतीवरचा घड्याळाचा बोर्ड आणि सगळ्या कुलपांच्या चाव्या माझ्याकडे. पंचांनी रिपोर्ट टाकायची लाकडी पेटी बाहेरच्या बोळात आहे, तिची किल्ली माझ्या कमरेला असते. तेव्हा पहिली नजर कुणाकडे वळली असेल ते सांगायला नको.

शिट्टीबाई म्हणजे शाळांच्या खेळांच्या शिस्त समितीच्या प्रमुख. तीस वर्षं बास्केटबॉलच्या पंच होत्या. आता गुडघे गेले, शिट्टी मात्र अजून गळ्यात असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे. चिकटवलेल्या घडीवर पंचताईंची आडवी सही होती, आणि ती कुठेही तुटलेली नव्हती.

"काका, पाकीट कुणी उघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "श्वास सोडा."

मी सोडला. पण मग कागद बदलला कसा?

कागदात होतं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी मुलींचा सामना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये यजमान शाळेच्या प्रशिक्षक सरांनी बेंचवर बसलेल्या अकरा नंबरच्या मुलीचं बँडेज बांधलेलं बोट टॉवेलखाली धरून मागे वाकवलं. तोंडाने म्हणाले, "आता दुखलं की लक्षात राहील." मुलीने आलेला पास हातातून सोडला होता, त्याची ही शिक्षा.

"यात काय बदललंय?" बाईंनी विचारलं.

"वेळ. मी लिहिलं होतं, तीन मिनिटं दहा सेकंद बाकी. इथे छापलंय, सातवं मिनिट." पंचताईंचं बोट त्याच ओळीवर होतं. "मजकूर माझाच आहे. ते शब्दसुद्धा. मग हे कुणी, आणि कशाला?"

 आमच्याकडे नियम कडक. रिपोर्ट सामन्यानंतर दोन तासांत पेटीत पडला पाहिजे, आणि वेळ, जागा, नंबर यांतलं एकही चुकलं तर तो बाद. नवा देता येत नाही.

"पाचला समिती बसेल," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सहाला त्या मुलींची बस आठ दिवसांच्या शिबिराला निघते. सर त्या बसमध्ये बसणार की नाही, ते पाचला ठरणार."

आठ दिवस. मला ते पांढरं बँडेज आठवलं.

२

नियमाप्रमाणे सरांना रिपोर्टची प्रत गेली आणि अकराच्या आत सर स्वतःच आले. उंच, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. माझ्याशी नेहमी हसून बोलतात, माझ्या बायकोच्या दम्याची चौकशी करतात. खरं सांगायचं तर मला ते आवडायचे.

"बाई, नवीन पंच आहेत, चुका होतात. मी मनात ठेवत नाही," ते म्हणाले. "पण सातव्या मिनिटाला मी बेंचवर नव्हतोच. हॉलमध्येच नव्हतो."

"कुठे होतात?"

"काकांना विचारा ना."

 ते खरं होतं. सरांची गाडी फाटकात आडवी लागली होती आणि पाहुण्या शाळेला न्यायला आलेली बस आत येत नव्हती. तिसरा क्वार्टर सुरू झाल्यावर मीच आत जाऊन त्यांना बाहेर बोलावलं होतं. जाताना बोर्ड पाहिला, कारण बोर्ड बघणं हे माझं कामच. ७:४० होते. आमच्या बोर्डावर वेळ उतरत जाते. दहापासून निघते आणि शून्याला भोंगा वाजतो. गाडी काढून सर आत आले, मी त्यांच्या मागोमाग आलो, तेव्हा बोर्डावर ६:२० होते.

बरोबर सातवर सर फाटकात होते, माझ्यासमोर, गाडीत.

"काका?" बाईंनी विचारलं.

मी जमिनीकडे पाहिलं. खोटं बोललो असतो तर एका मुलीचं बोट वाचलं असतं, असं वाटलं. हो, क्षणभर वाटलं.

"खरं आहे," मी म्हणालो. "सर बाहेर होते."

सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "काका म्हणजे सरळ माणूस."

ते गेल्यावर मी बाईंना म्हणालो, "मी गप्प बसलो असतो तर?"

"तर मी तुम्हाला या खोलीत पुन्हा घेतलं नसतं. पाहिलंत ते सांगितलंत. त्याने कुणाचं भलं होतं, कुणाचं वाईट, हे साक्ष देणाऱ्याने मोजायचं नसतं." त्यांनी चष्मा पुसला. "पण मला एक सांगा. काल सर घाबरलेले होते?"

"होते. सामना संपल्यावर बोळात माझ्याजवळ उभे होते. सारखं विचारत होते, नवी पंच आत काय टाइप करतेय."

"आणि आज?"

आज ते हसत होते. कुणीतरी त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं होतं.

३

पंचताईंना बाईंनी पुन्हा बसवलं. मी चहा आणला. त्यांनी कप तसाच बाजूला सरकवला.

"जे झालं ते ओळीने सांगा. स्वतःला वाचवू नका, स्वतःवर आगपाखडही करू नका."

सामना संपला. पंचांच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे आणि एक जुना प्रिंटर, दगड भरडल्यासारखा आवाज करणारा. पंचताईंनी रिपोर्ट टाइप केला, सहा-सात ओळी, छापला, पाकिटात घातला. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून कॉम्प्युटरवरून पुसला. पाकीट चिकटवायच्या आधी हात धुवायला गेल्या.

"किती वेळ?"

"दोन मिनिटांत आले असते. पण तिथे अकरा नंबर होती. नळाखाली बोट धरून उभी. मी तिच्याजवळ थांबले. दहा मिनिटं असतील, जास्तही. ती काही बोलली नाही. मी परत आले, पाकीट चिकटवलं, त्यावर सही केली, पेटीत टाकलं."

"आत बघितलं नाही?"

"नाही."

"खोलीत कोण होतं?"

"सामन्याचे मोठे पंच आत पडद्यामागे कपडे बदलत होते. गुण लिहिणारे गुरुजी कॉम्प्युटरवर निकाल टाइप करत होते. काका बोळात होते. सर दारापर्यंत आले होते, आत नाही."

"आता मला समजत नाही ते हे," बाई म्हणाल्या. "नव्या कागदावर तुमची सही कुठून आली? तुमची सही कुणी गिरवलेली नाही, मी ओळखते."

पंचताईंची मान खाली गेली. 

"मी रिपोर्टच्या कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सकाळीच. चार केल्या होत्या. मोठे पंच म्हणाले होते, सामन्यानंतर घाई होते, हात थरथरतात, सही वेडीवाकडी येते. सगळेच तसं करतात."

बाईंनी डोळे मिटले. "सगळेच करतात, हे मला ठाऊक आहे. मीही केलंय. फॉर्मची फाईल आणा."

काल दोन सामने झाले होते. दोन सामन्यांचे दोन फॉर्म. चारांतले दोन उरायला हवेत.

फाईलमध्ये एकच कोरा, सही केलेला फॉर्म होता.

४

मोठे पंच आले ते घड्याळ बघतच. ते आणि सर एकेकाळी एकाच संघातून खेळलेले, हे गावभर माहीत आहे.

"बाई, राईचा पर्वत चाललाय," ते म्हणाले. "मी काही पाहिलं नाही. माझी पाठ होती. ती धावत माझ्याकडे आली, म्हणाली, सरांनी मुलीचं बोट वाकवलं. मी म्हटलं, सामना होऊ दे, नंतर लिही."

"का होऊ दे?"

"अटीतटीचा सामना. गॅलरी भरलेली."

"म्हणजे पोरीचं बोट गॅलरीच्या नंतर."

मोठ्या पंचांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही असतात तर शिट्टी मारली असती, मान्य. पण मी कागद बदललेला नाही. मला तो रिपोर्ट दाबायचा असता तर मी तो फाडलाच असता. वेळ कशाला बदलू?"

"कितव्या मिनिटाला आली ती तुमच्याकडे?"

"छे. शिट्टी वाजली की बोर्डाकडे बघायचं, किती उरलंय तेवढं कळलं की पुढे. केव्हा काय झालं ते धरून ठेवायला गुणलेखक बसवलाय ना टेबलावर."

"तुम्ही कपडे बदलत होतात तेव्हा प्रिंटर वाजला?"

"वाजला. तो वाजला की भिंत वाजते."

मलाही आठवलं. बोळात सर माझ्याजवळ उभे होते, पंचताई हात धुवायला गेल्या होत्या आणि तो भरड आवाज दोनदा झाला होता. सर दचकले होते. म्हणजे छापणारे सर नव्हेत, आणि बोळात उभा असलेला मीही नव्हे. हे मी बाईंना सांगितलं.

मोठे पंच निघताना दारात थांबले. "ती पोर पंच चांगली आहे," ते म्हणाले. "तिचा परवाना जाईल का?"

"सह्या कुणाच्या सल्ल्याने केल्या ते लिहिलं की दोघांचा जाईल," बाई म्हणाल्या. "थोडे दिवस."

त्यांच्या पाठीमागे दार लागलं. घड्याळात दीड वाजला होता आणि आमच्या हातात शून्य होतं.

५

गुणलेखक म्हणजे आमचे गुरुजी. सरांच्याच शाळेत गणित शिकवतात. अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. बारा वर्षं आमच्या टेबलावर गुण लिहितात, एक खाडाखोड नाही. त्यांची धाकटी त्याच संघात आहे, बारा नंबर. कधी मैदानात उतरत नाही, बेंच गरम करते. गुरुजी स्वतःच म्हणतात, "बारा नंबर म्हणजे माझं पेन्शन, जपून ठेवलेलं."

आज ते हसले नाहीत. लेकीची पाण्याची बाटली काल बेंचखाली राहिली होती, ती मी त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली.

"बेंच तुमच्या टेबलापासून किती लांब?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच हात."

"काही दिसलं?"

"बाई, गुणलेखकाची मान खाली. टोपली, फाऊल, नंबर. वर बघायला फुरसत कुठे?"

"सर बाहेर गेले होते ते कळलं?"

"हो. परत आले आणि लगेच टाइमआऊट मागितला."

"केव्हा?"

"चौथ्या मिनिटाला," गुरुजी म्हणाले, कागद न बघता.

 सर आत आले तेव्हा बोर्डावर ६:२० होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चौथं मिनिट कसं? पण गुरुजींची कधी चूक होत नाही. मग माझीच होत असेल. आणि खरं सांगू का, मला आत कुठेतरी बरं वाटलं. माझं ६:२० चुकलं असेल तर माझं ७:४०ही चुकलेलं असेल, आणि मग सर बाहेर होते ही माझी साक्षही कुचकामी.

"प्रिंटर दोनदा वाजला," बाई म्हणाल्या.

"पहिला कागद अडकला. निकाल पुन्हा काढला."

"अडकतो खरा तो," मी म्हणालो. म्हणजे गुरुजीही सुटले.

दुपारी अकरा नंबर आली, आईबरोबर. बोट सुजून जांभळं पडलेलं, बँडेजच्या वर दिसत होतं. बाईंनी प्रेमाने विचारलं, दोनदा विचारलं.

"घसरले मी," मुलगी म्हणाली.

"कुठे?"

"घरी."

तिची आई म्हणाली, "उद्या शिबिर आहे हो बाई. सरांनी निवडलंय तिला. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला काही निवडलंय." आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगी खिडकीतून बाहेर फाटकाकडे बघत होती. तिथे सरांची गाडी उभी होती.

६

साडेतीनला बाईंनी पंचताईंना कोरा फॉर्म दिला. तो सही नसलेला.

"हा समितीपुढे चालणार नाही, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तरी लिहा. हाताने. काल काय टाइप केलं ते, पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत. जुन्या कागदाकडे बघू नका."

पंचताई लिहीत गेल्या.  लिहून झाल्यावर बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पट्टी घेऊन ओळीमागून ओळ खाली सरकवली. मी वाकून बघत होतो. मला वाचायला वेळ लागतो, पण बाईंनाही त्या दिवशी घाई नव्हती.

नंबर सारखा. जागा सारखी. टॉवेल सारखा. सरांचे शब्द सारखे.

वेळ वेगळी.

आणि पट्टी शेवटच्या रकान्यावर थांबली. तिथे विचारलेलं असतं, आणखी कुणी पाहिलं का. छापलेल्या कागदावर होतं, कोणी नाही. पंचताईंच्या हातच्या कागदावर वेगळंच काहीतरी होतं. बाईंनी ते हाताने झाकलं आणि मला विचारलं, "काका, बोर्ड चालू होईल?"

आम्ही तिघं रिकाम्या हॉलमध्ये गेलो. मी दिवे लावले, बोर्डावर दहा मिनिटं लावली आणि बटण दाबलं. बाई गुणलेखकाच्या खुर्चीत बसल्या. कुणी खेळत नसलेल्या हॉलमध्ये आकडे उतरत होते.

"७:४०," बाई म्हणाल्या. "इथे तुम्ही सरांना बोलावलंत."

"हो."

आकडे उतरले. "६:२०. सर परत आले, टाइमआऊट. थांबवा. आता सांगा, दहातून खेळ किती झाला?"

मी बोटं मोजली. "तीन मिनिटं चाळीस सेकंद."

"तीन मिनिटं पुरी झाली. मग कितवं चालू आहे?"

"चौथं," मी म्हणालो, आणि म्हणालो तसा बाकावर बसलोच.

"गुरुजी चुकले नव्हते. तुम्हीही नाही. पंच आणि तुम्ही बोर्ड बघता, उरलेलं मोजता. गुणलेखकाच्या कागदावर उरलेलं लिहितच नाहीत. खेळ सुरू झाल्यापासून कितवं मिनिट, ते लिहितात. बारा वर्षं रोज तेच. हात आपोआप वजाबाकी करतो." त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "चालू करा."

३:१० वर त्यांनी पुन्हा थांबवायला सांगितलं. मी मोजलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद झालेली. चालू होतं ते सातवं.

एकच क्षण. दोन्ही कागदांवर एकच क्षण होता, आणि सर तेव्हा बेंचवर होते.

"ज्याने कागद बदलला त्याला वेळ बदलायचीच नव्हती," बाई म्हणाल्या. "त्याला कळलंसुद्धा नाही आपण बदलली ते. सरांना वाचवायचं असतं तर त्याने ते बोट आणि ते शब्द काढले असते. त्याने सगळं ठेवलं. काढली एकच गोष्ट."

त्यांनी हातचा कागद माझ्यापुढे धरला. शेवटच्या रकान्यात पंचताईंनी लिहिलं होतं: गुणलेखकांनी मान वर करून पाहिलं. आमची नजरानजर झाली.

"सकाळीच का नाही सांगितलंत?" मी पंचताईंना विचारलं.

"सातवं मिनिट वाचलं आणि माझी नजर पुढे गेलीच नाही, काका."

साडेचार वाजत आले होते.

७

गुरुजी फाटकापाशीच होते. दुपारपासून तिथेच उभे होते, बाटली हातात घेऊन. बाईंनी त्यांना हॉलमध्ये आणलं, त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि दोन कागद पुढे ठेवले. बोर्डावर अजून ३:१० होते.

गुरुजींनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. गणिताचा माणूस. त्यांना दुसऱ्या वाक्याची गरज पडली नाही.

"मी वजाबाकी केली," ते म्हणाले. "अरे देवा. मी वजाबाकी केली."

"मूळ कागद?"

"फाडला. बाई, मला सरांना सोडवायचं नव्हतं. शपथ. पाकीट उघडं होतं, मी वाचला, सगळं खरं होतं. शेवटी माझं नाव होतं. माझी धाकटी त्याच बेंचवर बसते. उद्या त्याच बसमध्ये जाणार. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू? मला वाटलं, रिपोर्ट तर जाऊ दे, फक्त माझा रकाना नको. सर शिक्षा भोगतील आणि माझं नाव कुठेच येणार नाही."

"आणि आता सर सुटतात, आणि दोघी पोरी त्यांच्याबरोबर जातात. आठ दिवस."

गुरुजींनी बाटली टेबलावर ठेवली. तिच्यावर लेकीने चिकटवलेला बारा आकडा होता, अर्धा सोललेला.

"मी कबूल करतो, कागद मी बदलला. मग पंचताईंचा रिपोर्ट खरा धरतील ना?"

"नाही. कागद तर मेला," बाई म्हणाल्या. "तुम्ही मारलात, आणि तिने आधीच सह्या करून तुमच्या हातात सुरी दिली. आता कागद उरलेला नाही. ज्याने पाहिलं तो माणूस उरलाय. साक्षीला दोन तासांची मुदत नसते."

"माझं टेबल जाईल."

"जाईल. तुमच्याकडून मी पुन्हा गुण लिहून घेणार नाही."

"शाळेत सर माझ्या वर आहेत."

"हो."

"काका," गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांना काय ऐकायचं होतं कोण जाणे.

"मीही आज सकाळी खोटं बोलणार होतो," मी म्हणालो. "अगदी तोंडाशी आलं होतं."

बाईंनी कोरा कागद पुढे केला. बोळात समितीच्या लोकांची पावलं वाजली, आणि त्यांच्यात सरांचं हसणं ओळखू आलं. गुरुजींनी पेन काढलं, निळं. परत खिशात ठेवलं. मग पुन्हा काढलं.

"वेळ कशी लिहू?" त्यांनी विचारलं. "उरलेली की झालेली?"

"दोन्ही लिहा," बाई म्हणाल्या.

८

पाच वाजता आत काय झालं ते मी दारातून पाहिलं. सरांनी सातव्या मिनिटाचा मुद्दा काढला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभा राहिलो आणि जे सकाळी सांगितलं तेच सांगितलं, ७:४० ते ६:२०. मग गुरुजी उठले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की समितीतल्या एकाने दोनदा "मोठ्याने" म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी मोठ्याने वाचलं. टॉवेल. बोट. ते शब्द.

सर हसायचे थांबले. म्हणाले, "गुरुजी, तुमची मुलगीही माझ्याच संघात आहे, विसरलात?"

 समितीच्या लोकांनी ते वाक्यही लिहून घेतलं, शब्द न् शब्द.

चौकशी होईपर्यंत सरांना कुठल्याही शाळेच्या बेंचवर बसायला बंदी झाली. पंचताईंना आणि मोठ्या पंचांना तीन-तीन सामने घरी बसायचं.  उरलेला तो सही केलेला कोरा फॉर्म पंचताईंनी फाईलमधून काढला आणि चार तुकडे करून माझ्या केराच्या बादलीत टाकला.

रविवारी सकाळी सहाला बस फाटकात उभी होती. सरांच्या जागी जायला कुणी तयार होईना, म्हणून शिट्टीबाई स्वतः निघाल्या, गुडघ्यांना पट्टे बांधून. मी चेंडूंची पिशवी आत चढवत होतो. गुरुजी लेकीला सोडायला आले होते, शाळेतलं कुणी त्यांच्याजवळ उभं राहत नव्हतं. बारा नंबरने खिडकीतून हात बाहेर काढला, गुरुजींनी तिला बाटली दिली, आणि ते तिथेच उभे राहिले.

अकरा नंबर पुढच्या सीटवर होती. दुखरं बोट मांडीवर, दुसऱ्या हाताने झाकलेलं. काल दिवसभर तिने एकच वाक्य धरून ठेवलं होतं, घरी घसरले. बाई तिच्या शेजारी बसल्या तशी ती खिडकीकडे सरकली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी उतरणार तेवढ्यात ती बोलली, बाहेरच बघत.

"बाई, मी पुन्हा पास सोडला तर?"

बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत ठेवली.

"तर चेंडू समोरच्यांचा होईल," त्या म्हणाल्या. "दुसरं काय होणार?"